हक्क स्वाधीन, ग्रंथ अनुपलब्ध

मराठी ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ उलटले की मागील बाजूस प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती व मूल्य ह्यांच्या जोडीला 'सर्व हक्क स्वाधीन' अशी किंवा त्याच अर्थाची एखादी ओळ आढळते. वाचक ती सहसा वाचत नाही. ग्रंथसूची तयार करणारा अभ्यासकही ती ओलांडून पुढे जातो. गेल्या सत्रात मात्र त्या ओळीपाशी थांबण्याचा प्रसंग माझ्यावर आला. तो प्रसंग लहान असला तरी त्यातून उपस्थित झालेला प्रश्न भारतीय भाषांच्या सर्वच अभ्यासकांपुढे ठेवावा असा वाटल्यावरून हे लिहीत आहे.

बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या आनेकल तालुक्यात सध्या मी अभ्यागत प्राध्यापक म्हणून अध्यापन करते. भारतीय भाषांतील आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास हा आमच्या चर्चासत्राचा विषय होता. बेळगावकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने चर्चेसाठी जे मराठी पुस्तक निवडले, ते गेली कित्येक वर्षे बाजारात नाही. प्रकाशनसंस्था बंद पडलेली, लेखक निवर्तलेले, वारसांचा ठावठिकाणा कोणास माहीत नाही. पुण्यातील विक्रेत्यांकडे मी स्वतः केलेली विचारणाही निष्फळ ठरली. अशा स्थितीत त्या विद्यार्थ्याने मोबाइलवर त्या पुस्तकाची पीडीएफ प्रत आणली. महाराष्ट्रातील कोण्या खेड्यातल्या सार्वजनिक वाचनालयाचा गोल शिक्का तिच्यावर होता. मधली दोन पाने गहाळ होती. आणि शीर्षकपृष्ठामागे 'सर्व हक्क स्वाधीन' ही ओळ स्पष्ट वाचता येत होती. विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, हे मी वाचले तर ती चोरी होते का?"

मी त्या वेळी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. कायद्यातील शैक्षणिक उपयोगाच्या अपवादाचा उल्लेख करून मी विषय पुढे नेला. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. ज्या पुस्तकाच्या विक्रीतून आज कोणालाही एक पैसा मिळत नाही आणि जे पुस्तक कोणीही छापत नाही, त्याचे सर्व हक्क नेमके कोणाच्या स्वाधीन आहेत, आणि ते राखून कोणाचे कोणते हित साधते?

स्वामित्वहक्काच्या चर्चेत आज दोन पक्ष ठळकपणे दिसतात. एकाच्या मते इंटरनेटमुळे लेखक नागवला जात असून कायदा अधिक कठोर झाला पाहिजे. दुसऱ्याच्या मते ज्ञान सर्वांचे असल्याने ते अडवणारा कायदाच मोडीत काढावा. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, कारण हक्काबरोबर येणाऱ्या कर्तव्याचा विचार दोन्हींत नाही. लेखकाने आपला हक्क प्रकाशकाच्या हाती सोपविला, तो ग्रंथ वाचकांपर्यंत जावा म्हणून. ग्रंथाचा संचार हे त्या हक्काचे प्रयोजन होय. जो हक्कधारक ग्रंथ उपलब्ध ठेवतो, त्याचे संरक्षण झालेच पाहिजे. जो ठेवत नाही, त्याचा इतरांना अडविण्याचा अधिकार क्रमाने क्षीण होत गेला पाहिजे. लहान वाचकवर्गाच्या भाषांच्या बाबतीत तर न्याय्यतेची ही एकच कसोटी उपयोगाची आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

आपल्या परंपरेत ग्रंथ आणि कर्ता ह्यांचे नाते मुळात कसे होते, ते प्रथम पाहू. तुकारामांच्या अभंगांची नक्कल करण्यास कोणाची अनुज्ञा लागत नव्हती. वारकऱ्यांच्या वह्यांतून ते उतरत गेले, कीर्तनांतून पसरत गेले. कर्त्याचे नाव मात्र अभंगाच्या शेवटी मुद्रेच्या रूपाने गोवलेले असल्यामुळे सुटत नव्हते. १८६९ ते १८७३ ह्या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून जेव्हा तुकारामांची गाथा दोन भागांत निघाली, तेव्हा संपादकांना ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची तुलना करून पाठ सिद्ध करता आला. तो करता आला, कारण प्रती अनेक होत्या आणि अनेक ठिकाणी होत्या. क्षेपकांचा गोंधळ त्या मोकळेपणातूनच उद्भवला, हे खरे. परंतु ग्रंथ तगला तोही त्या मोकळेपणामुळेच.

कन्नड वचनसाहित्यातील 'अंकित' ही ह्याच जातीची योजना आहे. बसवण्णांच्या वचनांतील 'कूडलसंगमदेव' हे अंकित बदलून त्या जागी 'लिंगदेव' घालणाऱ्या 'वचनदीप्ती' ह्या संपादनावर कर्नाटक शासनाने १९९८ साली बंदी घातली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ग्रंथबंदी हा उपाय योग्य होता की नाही, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की आठशे वर्षांपूर्वीची वचने कोणीही छापू शकतो, त्यांवर कोणाचा आर्थिक हक्क नाही, तरीही कर्त्याच्या मुद्रेला हात लागताच समाज अस्वस्थ होतो. प्रत काढण्याचा हक्क आणि कर्तृत्वाचा मान ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. १९५७च्या अधिनियमातील ५७ व्या कलमाने लेखकाला जे विशेष हक्क दिले, म्हणजे कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा, त्यांचे बीज आपल्याला परके नव्हते. परका होता तो प्रती काढण्याचा मक्ता.

हा मक्ता मुद्रणाबरोबर आला. हिंदुस्थानात १८४७ साली त्याविषयीचा पहिला कायदा झाला. १९१४ साली ब्रिटिश कायदा काही फेरफारांनिशी येथे लागू झाला. आणि २१ जानेवारी १९५८ पासून सध्याचा १९५७चा अधिनियम अमलात आला. त्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे. रवींद्रनाथांचे निधन १९४१ सालचे. त्यांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१च्या अखेरीस संपणार, तोच ही मुदत दहा वर्षांनी वाढविण्यात आली आणि १९९२च्या दुरुस्तीने ती साठ वर्षांची झाली. एका थोर कवीच्या निमित्ताने घेतलेला हा निर्णय देशातील सर्व भाषांच्या सर्व लेखकांना लागू झाला. ज्यांची पुस्तके मृत्यूनंतर दहा वर्षांतच विस्मृतीत गेली अशा हजारो लेखकांनाही!

हक्क संपल्यावर काय होते, ह्याची उदाहरणे मराठीत आहेत. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यांचे लेखन २०११च्या आरंभी मुक्त झाले आणि १९३५ सालच्या 'श्यामची आई'च्या स्वस्त आवृत्त्या अनेक प्रकाशकांनी काढल्या. मर्ढेकर व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्या दोघांचेही निधन १९५६ सालचे. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७च्या आरंभी मुक्त झाले. अण्णा भाऊ साठे ह्यांच्या लेखनाला मात्र २०३०ची वाट पाहावी लागेल.

परंतु हक्कमुक्ती म्हणजे उपलब्धता नव्हे, हेही डॉ. आंबेडकरांच्याच ग्रंथांवरून कळते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले भाषण मंडळाच्या इच्छेप्रमाणे बदलण्यास त्यांनी नकार दिला आणि १९३६ साली ते स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपल्याचे त्यांनीच नमूद करून ठेवले आहे. स्वतंत्र वितरण म्हणजे काय, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण भारतीय ग्रंथव्यवहारात क्वचितच सापडेल. पुढे १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड काढले. हे कार्य मोलाचे आहे. तथापि, ह्या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्तपत्रीय वृत्ताची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. एका माणसाने १९३६ साली दोन महिन्यांत वाचकांपर्यंत पोचविलेल्या लेखकाचे ग्रंथ शासनयंत्रणेला वेळेवर पोचविता आले नाहीत. तेव्हा अडथळा हक्कांचाच असतो असे नाही. तो वितरणाचाही असतो, आणि दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

मराठीतील ज्या चळवळींनी हे ओळखले, त्यांनी लेखनाइतकेच वितरणही हाती घेतले. १९५०च्या दशकाच्या मध्यावर निघालेल्या 'शब्द'पासून 'असो', 'वाचा', 'फक्त' अशी जी अनियतकालिके निघाली, त्यांतील काही चक्रमुद्रित होती, काही मित्रांच्या वर्गणीतून छापलेली होती, आणि ती हातोहात जात होती. अशोक शहाणे ह्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली अरुण कोलटकरांच्या कविता काढल्या. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची इंग्रजी 'जेजुरी' कवींनी कवींसाठी चालविलेल्या 'क्लिअरिंग हाउस'तर्फे निघाली होती. १९७०च्या दशकातच दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ग्रंथालीने वाचकालाच सभासद करून घेतले आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) व लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' (१९८०) ही पुस्तके रूढ ग्रंथव्यवहाराच्या कक्षेबाहेरच्या वाचकांपर्यंत नेली. दलित व भटक्या समाजांतील आत्मकथनांचा जो प्रवाह आज आपण देशभरच्या विद्यापीठांत शिकवतो, त्याच्या मुळाशी वितरणाची ही नवी वाट आहे. साहित्येतिहास लिहिताना आपण आशयाची बंडखोरी नोंदवतो. वितरणातल्या बंडखोरीची नोंद मात्र राहून जाते.

ह्यातला विपर्यास असा, की जी नियतकालिके वाचकाकडे जाण्यासाठी जन्माला आली तीच आज सर्वांत दुर्मिळ आहेत. १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथे'सारख्या प्रतिष्ठित मासिकाचे अंक निदान मोठ्या ग्रंथालयांतून सापडतात. 'सत्यकथे'च्या विरोधात उभ्या राहिलेल्या अनियतकालिकांचे अंक एखाद्या लेखकाच्या घरातील ट्रंकेतच असावयाचे. शिवाय ते संगणकावर आणून सर्वांना खुले करावे, तर कायद्याची अडचण उभी राहते. मासिकाच्या नोकरीत नसलेल्या लेखकाने दिलेल्या मजकुराचा हक्क, लेखी हस्तांतरण झालेले नसल्यास, त्याचाच असतो. ही तरतूद लेखकाच्या हिताची आहे आणि ती तशीच असावी. परंतु तिचा परिणाम म्हणून चाळीस पानांच्या एका अंकासाठी पंधरा-वीस कवी, कथाकार व चित्रकार, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे सर्व वारस, इतक्यांची संमती लागते. जी कवयित्री दोन कविता छापून नंतर लिहिण्याचे थांबली, तिच्या वारसांचा शोध कोण आणि कसा घेणार? ग्रंथाचा मालक आहे पण तो सापडत नाही, अशा ह्या स्थितीला 'अनाथ कृती' म्हणतात. मराठी नियतकालिकांचा विसाव्या शतकातील फार मोठा भाग आज अशा अनाथ कृतींनी भरलेला आहे.

ह्या प्रश्नाशी बंगळूरचा संबंध केवळ माझ्या निवासापुरता नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी जगभर ग्रंथांची प्रतिमाचित्रे काढण्याची जी मोहीम सुरू झाली, तिची भारतीय शाखा असलेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चे एक प्रमुख केंद्र बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था हे होते. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील काही लाख ग्रंथ ह्या योजनेत संगणकावर आले. कामात दोष पुष्कळ होते: मराठी शीर्षके रोमन लिपीत अशी काही लिहिली गेली की ओळखू येऊ नयेत, पाने सुटली, हक्कमुक्त आणि हक्कयुक्त ग्रंथ एकत्र मिसळले. २०१७च्या सुमारास स्वामित्वहक्काच्या आक्षेपांमुळे हे संकेतस्थळ बंद झाले. मुक्त झालेले ग्रंथही त्याबरोबर दिसेनासे झाले. इतरांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या होत्या, म्हणून त्या आज आपल्याला वाचता येतात. भारतीय करदात्याच्या पैशाने संगणकावर आलेला मराठी ग्रंथ भारतीय संशोधकाने परदेशी संस्थेच्या आश्रयाने वाचावा, ह्याला काय म्हणावे? आणि तो आश्रयही अढळ नव्हे. त्याच संस्थेविरुद्ध अमेरिकन प्रकाशकांनी २०२० साली दाखल केलेल्या खटल्यात, ग्रंथ संगणकावरून उसने देण्याच्या तिच्या पद्धतीविरुद्ध २०२३ साली निकाल लागला आणि २०२४ साली अपिलातही तो कायम राहिला.

ह्याच्या उलट, हक्कधारकांनी आपण होऊन वाट मोकळी केल्याची उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली दिला; म्हणजे तो वाचण्याचीच नव्हे, तर नाव नमूद करून पुन्हा वापरण्याचीही मुभा दिली. कन्नड कादंबरीकार निरंजन ह्यांच्या कुटुंबीयांनी २०१४ साली त्यांचे पंचावन्न ग्रंथ तशाच परवान्याखाली खुले केले. मराठीत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास ठेवली आहेत, तर ई साहित्य प्रतिष्ठान ही संस्था लेखकांच्या संमतीने त्यांची पुस्तके वाचकांना विनामूल्य पोचविते. ह्या सर्व उदाहरणांत कोणाचाही हक्क हिरावून घेतलेला नाही. लेखकाचे नाव राहिले, वारसांची संमती राहिली, आणि ग्रंथही फिरता राहिला.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची असते, कित्येकदा त्याहूनही लहान. हयात लेखकाचे, बाजारात उपलब्ध असलेले नवे पुस्तक व्हॉट्सॲपच्या समूहांतून पीडीएफच्या रूपात फिरू लागले, तर आधीच तुटपुंजे असलेले त्याचे मानधनही जाते आणि त्याच्यासाठी धोका पत्करणारा लहान प्रकाशकही बुडतो. 'साहित्याची सेवा' ह्या गोंडस नावाखाली हे चालते आणि ते पाठविणाऱ्यांत माझ्यासारखे पगारी प्राध्यापकही असतात. ह्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. माझा युक्तिवाद त्याला आधार देत नाही. उलट जे पुस्तक उपलब्ध आहे ते विकत घेण्याचे किंवा ग्रंथालयातून आणण्याचे बंधन त्यातूनच निष्पन्न होते. उपलब्ध आणि अनुपलब्ध ह्यांतील भेद पुसून टाकल्यामुळेच अप्रामाणिक वाचकाचे फावते आणि प्रामाणिक विद्यार्थ्याच्या वाट्याला अपराधाची भावना येते.

दुसरी अडचण नव्या मध्यस्थांची आहे. ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके ह्यांमुळे आनेकलला बसलेल्या मराठी वाचकाला पुण्याच्या दुकानापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही, ही इष्टच गोष्ट होय. परंतु छापील आवृत्तीच्या प्रती लेखक निदान मोजू शकत होता. आता किती जणांनी किती वेळ ऐकले ह्याचा हिशेब सर्वस्वी वितरण करणाऱ्या कंपनीच्या यंत्रात असतो. ह्यासंबंधी चित्रपटगीतांचा इतिहास बोलका आहे. चित्रपटासाठी गीत वा संगीत रचणाऱ्याचा हक्क, उलट करार नसल्यास, निर्मात्याकडे जातो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्यानंतर गीतकार-संगीतकारांना पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली. २०१२च्या दुरुस्तीने त्यांना स्वामित्वशुल्कात समान वाटा मिळाला, आणि तो करारानेही सोडून देता येऊ नये अशी तजवीज झाली. चित्रपटाबाहेरील ध्वनिमुद्रणासाठी दिलेल्या शब्दरचनेलाही हे तत्त्व ह्या दुरुस्तीने लागू केले आहे. श्राव्य पुस्तकांच्या करारांकडे लेखक-संघटनांनी ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. पुन्हा पस्तीस वर्षे थांबण्याचे कारण नाही.

वस्तुतः, मी ज्या कसोटीचा आग्रह धरते आहे ती आपल्या अधिनियमात विखुरलेल्या रूपाने आहेच. हस्तांतरित झालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते (कलम १९). मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख नसल्यास, करार लागू होत नाही, असे २०१२च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये नमूद केले. ती तरतूद त्यापूर्वीच्या करारांना कितपत लागू पडते ह्याविषयी वाद होऊ शकेल. तिच्यामागील न्याय मात्र वादातीत आहे. विक्रीस उपलब्ध नसलेल्या ग्रंथाच्या तीन प्रती करून ठेवण्याची, तसेच आपल्याजवळच्या ग्रंथाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालयांना कलम ५२ देते. ठरावीक वर्षांनंतरही ग्रंथ वाजवी किमतीस बाजारात नसेल, तर त्याच्या पुनर्मुद्रणाचा परवाना मागण्याची सोय कलम ३२-अ मध्ये आहे, आणि मालक सापडत नसलेल्या कृतीसाठी ती कलम ३१-अ मध्ये आहे.

मग ह्या तरतुदी निरुपयोगी का ठरतात? कारण त्यांच्या वाटेवर कोणी बसलेलेच नाही. असे परवाने देणारे स्वामित्वहक्क मंडळ २०१७ साली दुसऱ्या एका अपील मंडळात विलीन करण्यात आले. ते मंडळही २०२१ साली बरखास्त होऊन हे काम न्यायालयांकडे गेले. एका चाळीस पानी अनियतकालिकासाठी, वकील देऊन, कोणता ग्रंथपाल न्यायालयाची पायरी चढणार आहे? कायद्याने दार ठेवले, परंतु त्याची किल्ली साहित्याच्या माणसाच्या हाती कधी दिली नाही.

पैशाचा अभाव हे कारण मी येथे मान्य करणार नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ह्या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके भारतीय उच्च शिक्षणसंस्थांना उपलब्ध करून देण्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद तिच्यात आहे. ही योजना अनिष्ट आहे असे मी म्हणत नाही. माझे विज्ञानशाखेतील सहकारी तिचा लाभ घेतात. परंतु ह्या रकमेचा अगदी अल्पांश जरी भारतीय भाषांतील जुन्या नियतकालिकांचे हक्क शोधणे, वारसांना मानधन देणे आणि अंक संगणकावर आणणे ह्यांसाठी खर्च झाला, तरी एका पिढीच्या संशोधनाची सामग्री वाचेल.

आपल्या हाती काय आहे, ह्याचाही विचार व्हावा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला, तेव्हा विद्यार्थी व अध्यापक स्वतः संघटित होऊन न्यायालयात उभे राहिले. अध्यापनासाठी केलेल्या प्रती हा हक्कभंग नव्हे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ती चळवळ इंग्रजी पाठ्यग्रंथांभोवती झाली. भारतीय भाषांच्या विभागांनी तीतून पुरेसा बोध घेतला नाही.

मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, भारतीय भाषांतील विद्यापीठीय नियतकालिकांनी, ह्या नियतकालिकासह, लेखकाकडून केवळ प्रकाशनाची अनुज्ञा घ्यावी, हक्क लेखकाकडेच ठेवावा, आणि लेखकाची संमती असल्यास अंकातच मुक्त परवाना छापावा. आज दोन ओळी लिहिल्याने साठ वर्षांनंतरच्या संशोधकाचा वारसशोध वाचेल. दुसरी, प्रत्येक भाषेसाठी एक हक्कनोंद तयार व्हावी: कोणत्या लेखकाचा हक्क कोणाकडे आहे, कोणता ग्रंथ मुक्त झाला, कोणाचे वारस सापडत नाहीत. साहित्य अकादमी आणि विद्यापीठे ह्यांना हे काम एकत्रितपणे करणे अशक्य नाही. तिसरी, कायद्यात एवढीच सुधारणा व्हावी, की दहा वर्षे अनुपलब्ध राहिलेला ग्रंथ, जाहीर सूचना देऊन आणि वारसांसाठी वाजवी रक्कम राखून ठेवून, सार्वजनिक ग्रंथालयाला न्यायालयात न जाता खुला करता यावा. हक्कधारक पुढे आला आणि त्याने नवी आवृत्ती काढली, तर ग्रंथालयाने आपली प्रत मागे घ्यावी. लेखकाचे नाव आणि संहितेची शुद्धता ह्यांविषयीचे हक्क मात्र कोणत्याही परिस्थितीत अबाधित राहावेत.

त्या विद्यार्थ्याला पुढील आठवड्यात मी दुसरे उत्तर दिले. तू वाचलेस ही चोरी नव्हे, असे मी त्याला सांगितले. परंतु वाचल्यानंतर तुझ्यावर एक ऋण आले आहे. लेखकाच्या वारसांचा शोध घे, गहाळ दोन पाने कोठे मिळतात ते पाहा. त्याने गावाकडच्या ओळखीतून पत्रे धाडली आहेत. त्या गोल शिक्क्याच्या वाचनालयालाही एक पत्र गेले आहे. पाने तेथे असतील, तर त्यांची प्रत आनेकलला येईल. आणि वारस भेटले, तर शीर्षकपृष्ठामागच्या त्या ओळीचे पुढे काय करावयाचे, हे त्यांना विचारता येईल.